मास्टर पेजवर पृष्ठांक टाकताच पेजमेकर बंद: नागपुरातील एका डीटीपी दुकानाचे प्रकरण

नागपूरच्या महाल भागातल्या एका डीटीपी दुकानात चार संगणक आहेत. वर्षभर लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांची हस्तपत्रके असे किरकोळ काम चालते. दसऱ्याआधीचे दोन महिने मात्र पुस्तिकांचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि तिथे जाणाऱ्या पुस्तिकांची पाने इथे लावली जातात. आकार डेमी एक अष्टमांश, बहुतेक ४८ पाने, म्हणजे सोळापानी तीन फर्मे (छपाईचे घडी केलेले ताव). ही तारीख कोणासाठी पुढे सरकत नाही. नेमक्या याच दिवसांत पेजमेकर (पाने लावण्याचा प्रोग्राम) अधूनमधून आपोआप बंद पडू लागले.

ऑपरेटरची तक्रार एका वाक्याची होती: "भाऊ, मास्टरवर नंबर टाकाले गेलो का पेजमेकर बंदच होऊन राहिलं." मास्टर म्हणजे मास्टर पेज; त्यावर टाकलेले सगळ्या पानांवर येते. तक्रारीच्या या वाक्यात अर्धे उत्तर होते. पण पुढच्याच वाक्यात "कधी होते, कधी नाही होत" असे आले आणि सगळ्यांचे लक्ष मशीनकडे गेले. ऑक्टोबरचा उकाडा होता, खोलीत कूलर होता, त्यामुळे संगणक तापतो हे निदान पटण्यासारखे होते. एका संगणकाची रॅम बदलली. दुसऱ्यावर पेजमेकर काढून पुन्हा टाकले. पहिला संगणक तर शेवटी फॉरमॅट केला. तो तीन दिवस नीट चालला आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले.

त्या तीन दिवसांत त्या संगणकावर काय नव्हते, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. फॉरमॅटनंतर विंडोज, पेजमेकर, चित्रकामाचे कोरलड्रॉ आणि प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला होता. मराठी टायपिंगचे साधन चौथ्या दिवशी आले.

कामाची रीत

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, सन २००१ची. तिला युनिकोड, म्हणजे फोन-संगणकांवरची आजची प्रमाण अक्षरपद्धत, कळत नाही. तरी अनेक दुकानांत ती अजून चालते, कारण जुन्या पुस्तिकांच्या फायली तिच्यात आहेत आणि हातांना तिची सवय आहे. अडचण अशी की लेखक आता मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि तो युनिकोडमध्ये असतो. पेजमेकरला जुन्या सांकेतिक फॉन्टमधला मजकूर लागतो. मधला पूल म्हणजे घड्याळाशेजारी बसणारे एक छोटे साधन. ते इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेत टाइप केलेले जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये उमटवते आणि आलेल्या युनिकोड मजकुराचे रूपांतरही करते.

हे काम करण्यासाठी त्या साधनाला प्रत्येक कळ पेजमेकरच्या आधी मिळावी लागते. त्याकरता ते कीबोर्डवर हूक टाकते. हूक म्हणजे कळांच्या वाटेवर बसवलेली पाळत. विंडोजमध्ये अशा हूकचे दोन प्रकार आहेत आणि या प्रकरणाचा सगळा उलगडा त्या फरकावर आहे.

पहिल्या प्रकारात पाळतीचा कोड साधनाच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालतो. विंडोज दर कळेला तिथे विचारणा करते आणि उत्तर आले की पुढे जाते. उत्तराला उशीर झाला तर कळ पुढे सोडली जाते. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ही मुदत जास्तीत जास्त १००० मिलिसेकंद आहे. वारंवार उशीर करणारा हूक विंडोज ७ पासून न सांगता काढून टाकला जातो. त्यामुळे या प्रकारात शॉर्टकट अचानक चालेनासा होतो किंवा टायपिंग जड होते, पण दुसरा प्रोग्राम कोसळत नाही.

दुसऱ्या प्रकारात साधनाची डीएलएल फाइल (इतर प्रोग्रामांत जोडता येणाऱ्या कोडची फाइल) प्रत्येक प्रोग्रामच्या आत उतरवली जाते आणि तिचा कोड त्या प्रोग्रामचाच भाग असल्यासारखा चालतो. तिथे चूक झाली तर पडतो तो यजमान प्रोग्राम, साधन नव्हे. नाव पेजमेकरचे बदनाम होते आणि घड्याळाशेजारचे चिन्ह शाबूत असते. जुनी टायपिंग साधने बहुधा या दुसऱ्या रीतीने चालतात.

वहीतली नोंद

निदानाची सुरुवात एका साध्या वहीने झाली. प्रत्येक संगणकाशेजारी एक पान ठेवले आणि त्यावर पाच रकाने आखले: वेळ, कोणता प्रोग्राम, शेवटची कळ, आधी शेवटचे काय कॉपी केले होते, आणि त्रुटीची खिडकी आली की प्रोग्राम नुसताच नाहीसा झाला. चौथा रकाना सहसा कोणी ठेवत नाही. या प्रकरणात तोच कामाला आला.

सहा दिवसांत अकरा नोंदी जमल्या. त्या इव्हेंट व्ह्यूअरशी ताडून पाहिल्या. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून उघडायचे, विंडोज लॉग्जखाली ॲप्लिकेशनमध्ये जायचे आणि उजवीकडच्या गाळणीत इव्हेंट आयडी १००० व १००२ भरायचे. १००० म्हणजे प्रोग्राम कोसळला, १००२ म्हणजे तो प्रतिसाद देईनासा झाला. बोलताना दोन्हींना 'क्रॅश' म्हटले जाते, पण कारणे वेगळी असतात. म्हणून आधी हा भेद करून घ्यावा.

अकरापैकी आठ घटनांना १००० ची नोंद मिळाली. १००२ एकही नव्हती. उरलेल्या तीन घटनांचा लॉगमध्ये मागमूस नव्हता. त्या तिघांकडे नंतर येऊ.

आठही नोंदींत अपवाद कोड सी००००००५ होता. याचा अर्थ प्रोग्रामने स्वतःची नसलेली किंवा अस्तित्वातच नसलेली मेमरी वाचायचा प्रयत्न केला. कोड एकटा फारसे सांगत नाही. त्याखालच्या दोन ओळी वाचाव्यात: दोषी मॉड्यूलचे (कोडच्या फाइलचे) नाव आणि ऑफसेट (त्या फाइलमधली जागा). रॅम खराब असेल तर दर वेळी वेगळे मॉड्यूल आणि वेगळा ऑफसेट येतो, आज एक प्रोग्राम पडतो, उद्या दुसरा. इथे आठही वेळा मॉड्यूल एकच, ऑफसेटही तोच, आणि मॉड्यूल पेजमेकरचे नव्हते. ते टायपिंग साधनाच्या डीएलएलचे होते. रॅमवरचा संशय इथे संपला.

फॉरमॅट केलेल्या संगणकाचा जुना लॉग गेला होता, पण बाकीच्यांवर तो होता. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधली की तारखांचा एक तक्ता उघडतो. त्यात प्रोग्राम पडल्याच्या दिवशी लाल फुली दिसते आणि काही नवे बसवल्याची नोंदही त्याच दिवसाच्या रकान्यात असते. फुल्या सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवशी टायपिंग साधनाचे अपडेट बसले होते. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी हा तक्ता एकदा तरी पाहावा. फॉरमॅटमध्ये पुरावाच पुसला जातो.

कंट्रोल+ऑल्ट+पी

पेजमेकरमध्ये मास्टर पेजवर टेक्स्ट टूल घेऊन कंट्रोल+ऑल्ट+पी दाबले की पृष्ठांकाची खूण उमटते: डाव्या मास्टरवर 'एलएम', उजव्यावर 'आरएम'. प्रत्यक्ष पानांवर तिथे खरा आकडा येतो. पाने लावणाऱ्याच्या बोटांत ही कळ इतकी बसलेली असते की ती शेवटची कोणती दाबली हेही त्याला आठवावे लागते.

साधनाच्या नव्या अपडेटमध्ये एक सोय आली होती: क्लिपबोर्डवरचा, म्हणजे शेवटचा कॉपी केलेला, युनिकोड मजकूर एका शॉर्टकटने जुन्या फॉन्टमध्ये बदलून थेट पेस्ट करायचा. सोय खरोखर चांगली आहे. पण तिचा शॉर्टकट बसवतानाच ठरवलेला होता, आणि तो कंट्रोल+ऑल्ट+पी होता.

दोन प्रोग्रामांनी एकच शॉर्टकट मागितला तर विंडोजकडे त्यासाठी एक व्यवस्था आहे. प्रोग्राम सर्वव्यापी शॉर्टकटची रीतसर नोंदणी करू शकतो. आधी आलेल्याला तो मिळतो आणि नंतरच्याला त्रुटी १४०९ परत येते, म्हणजे 'हॉटकी आधीच नोंदवलेली आहे'. अशा नोंदी निरसॉफ्टच्या हॉटकीजलिस्ट या छोट्या मोफत प्रोग्रामने पाहता येतात. मात्र नोंदणी कोणाची, हे त्यातही दिसत नाही, कारण विंडोज ती माहिती बाहेर देत नाही. इथे ती यादी काढली तेव्हा कंट्रोल+ऑल्ट+पी तिच्यात नव्हते. याचा अर्थ साधनाने नोंदणी केली नव्हती, हूकमधूनच ती कळ उचलली होती. यादीत नाव नाही म्हणून संघर्ष नाही, असे कधीही समजू नये.

आता वहीतला चौथा रकाना. आठही वेळा शेवटचे कॉपी केलेले म्हणजे कोरलड्रॉमधले चित्र होते: कधी वेलबुट्टी, कधी प्रकाशनाचे बोधचिन्ह. कामाचा क्रमच तसा आहे. मास्टर पेजवर आधी किनारीची नक्षी कोरलमधून आणून चिकटवायची आणि लगेच खाली पृष्ठांक टाकायचा. म्हणजे कंट्रोल+ऑल्ट+पी दाबताना क्लिपबोर्डवर चित्र असते. साधनाचा कोड पेजमेकरच्या आत जागा होतो, क्लिपबोर्डला युनिकोड मजकूर मागतो, चित्र असल्यामुळे उत्तर रिकामे येते. ते रिकामे आहे का हे न तपासता कोड पुढे वाचायला जातो आणि सी००००००५ ने पेजमेकर पडते.

नक्षी नसलेल्या पुस्तिकेत क्लिपबोर्डवर बहुधा मजकूर असे. तेव्हा पेजमेकर पडत नसे. पण 'आरएम'ही येत नसे. त्याऐवजी आधी कॉपी केलेला परिच्छेद पानाच्या तळाशी येऊन बसे. ऑपरेटर ते आपल्या बोटाची चूक समजून पुसत आणि पुन्हा प्रयत्न करत. कळांच्या संघर्षाचे हे फार बोलके लक्षण आहे: हवी ती गोष्ट होत नाही, दुसरीच होते. प्रोग्राम पडू लागण्याच्या कितीतरी आधी ते दिसते. पण तक्रारीत ते कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम विचारावे लागते.

आणखी एक वाट उजव्या ऑल्टची. 'इंग्रजी (भारत)' हा कीबोर्ड लेआउट चालू असेल तर उजवे ऑल्ट आणि ४ दाबून ₹ उमटते. ज्या लेआउटमध्ये उजव्या ऑल्टवर अशी जादा अक्षरे आहेत, तिथे विंडोज ती एक कळ कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखी धरते. म्हणजे उजवे ऑल्ट आणि पी हेही कंट्रोल+ऑल्ट+पीच. विंडोजसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कंट्रोल+ऑल्टचे शॉर्टकट टाळायला सांगितले जाते, ते याच कारणाने.

लॉगमध्ये नसलेल्या तीन घटना

या तीन घटनांत पेजमेकर त्रुटीची कोणतीही खिडकी न दाखवता नाहीसे झाले होते. वहीत शेवटच्या कळेच्या रकान्यात तिन्ही वेळा टायपिंग चालू असल्याचे लिहिले होते, आणि एका ठिकाणी ऑपरेटरने शब्दही लिहून ठेवला होता: 'बौद्ध'.

साधन मजकूर पेस्ट करते तेव्हा ते कंट्रोल+व्ही दाबल्याचा बनाव करते. बोटे अजून कंट्रोल आणि ऑल्टवर असताना हे घडले तर कळ सुटल्याची एखादी खबर हरवते आणि विंडोजच्या लेखी कंट्रोल दाबलेलेच राहते. ऑपरेटरने मजकूर चिकटवला, टूलबारवरच्या चिन्हावर माउसने सेव्ह केले आणि पुढचा शब्द सुरू केला. 'ब' उमटलाच नाही, कारण तो कंट्रोलसोबत गेला. पुढची औकाराची मात्रा इनस्क्रिप्टमध्ये क्यूच्या कळेवर आहे. कंट्रोल+क्यू म्हणजे पेजमेकरमधून बाहेर. फाइल नुकतीच सेव्ह झालेली असल्याने विचारणा न होता प्रोग्राम बंद झाला. विंडोजच्या दृष्टीने वापरणाऱ्यानेच तो बंद केला, म्हणून लॉगमध्ये काही नाही. धम्मावरच्या पुस्तिकेत 'बौद्ध' हा शब्द पानापानावर येतो. लग्नपत्रिकांच्या दिवसांत हाच दोष क्वचितच दिसला असता.

अडकलेले कंट्रोल सोडवायला दोन्ही बाजूंची कंट्रोल कळ एकेकदा दाबून सोडावी. अक्षर उमटत नाही असे दिसले की पुढे टाइप न करता आधी हेच करावे.

तीन नंबरचा संगणक

चारपैकी तीन नंबरच्या संगणकावर एकदाही तक्रार नव्हती. तो 'चांगला' म्हणून सगळ्यांना हवा असे. त्याचे हार्डवेअर बाकीच्यांसारखेच होते. फरक इतका की जुन्या प्रिंटरसाठी कोणीतरी पेजमेकरच्या शॉर्टकटवर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' लावून ठेवले होते. व्हिस्टापासून विंडोज कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या प्रोग्राममध्ये हूक टाकू देत नाही. साधनाची डीएलएल तिथे पेजमेकरच्या आत शिरतच नव्हती. त्या संगणकावर पेजमेकरमध्ये मराठी टाइपही होत नव्हते, पण तिथून फक्त छपाईच्या प्लेटसाठी आउटपुट निघत असल्याने हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

हे कळल्यावर चारही संगणकांवर तसेच करावे असा विचार पुढे आला. तो उपाय नव्हे. मराठी टायपिंग बंद पडते आणि फोल्डरमधून चित्र ओढून पेजमेकरमध्ये टाकणेही बंद होते.

कोरलड्रॉ का पडत नव्हते, याचेही उत्तर याच घरातले. इथले कोरलड्रॉ ६४-बिट आहे, साधनाची डीएलएल ३२-बिट. ती ६४-बिट प्रोग्राममध्ये उतरू शकत नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये 'प्लॅटफॉर्म' हा रकाना चालू केला की कोणता प्रोग्राम किती बिटचा ते दिसते. फक्त ३२-बिट प्रोग्रामच पडत असतील तर संशयाची सुई अशा डीएलएलकडे वळवावी.

पडताळणी

अंदाज बरोबर वाटला तरी तो सिद्ध करणे भाग होते, कारण काहीतरी बदलून 'बरे वाटणे' आधी तीनदा झाले होते. चार स्थितींत प्रत्येकी दहा वेळा मास्टर पेजवर कंट्रोल+ऑल्ट+पी दाबले. साधन चालू आणि क्लिपबोर्डवर चित्र: दहापैकी दहा वेळा पेजमेकर पडले. साधन चालू आणि मजकूर: एकदाही पडले नाही, पण दहाही वेळा 'आरएम'ऐवजी मजकूर चिकटला. साधन बंद असताना चित्र असो वा मजकूर, वीसही वेळा 'आरएम' नीट आले.

मग पेजमेकरला पूर्ण बाजूला ठेवून एक चाचणी केली. विंडोज १० मध्ये ३२-बिट नोटपॅडही असते. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात 'सिसवॉव६४' नावाचा फोल्डर आहे. नावात ६४ असले तरी आत ३२-बिट फायली आहेत, इथे बरेच जण फसतात. त्यातले नोटपॅड उघडले, कोरलमधून एक फूल कॉपी केले आणि कंट्रोल+ऑल्ट+पी दाबले. नोटपॅडही त्याच क्षणी नाहीसे झाले आणि लॉगमध्ये तेच मॉड्यूल, तोच ऑफसेट आला. नेहमीचे ६४-बिट नोटपॅड त्याच कळेला जागचे हलले नाही. इथे पेजमेकर निर्दोष ठरले.

साधनाचे नाव लॉगमध्ये मिळाले नसते तर क्लीन बूटचा लांब रस्ता धरावा लागला असता: सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून बाकीच्या बंद करायच्या, टास्क मॅनेजरमधले स्टार्टअप प्रोग्राम बंद करायचे आणि अर्धे-अर्धे चालू करत दोषी अर्ध्याचा माग काढायचा. सोळा प्रोग्राम असले तरी चार फेऱ्यांत एकावर येता येते.

दुरुस्ती

पहिला विचार शॉर्टकट बदलण्याचा होता, आणि पर्यायी कळ शोधताना कळले की मोकळी कळ मिळणे सोपे नाही. एफ१२ विंडोजने डीबगरसाठी (दोष शोधण्याच्या साधनासाठी) राखून ठेवली आहे. कंट्रोल+शिफ्ट+एफ९ मोकळी वाटते, पण वर्डमध्ये ती फील्डचे (आपोआप बदलणाऱ्या मजकुराचे) साध्या मजकुरात रूपांतर करते. पुस्तिकेची अनुक्रमणिका निवडलेली असताना ती दाबली गेली तर पुढे पृष्ठांक अद्ययावत होत नाहीत. कंट्रोल+शिफ्ट+एफ८ वर्डमध्ये उभी निवड करते. विंडोज कळेच्या जोड्या खुद्द विंडोजसाठी राखीव आहेत. शेवटी पॉज ही एकटी कळ उरली. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि वर्ड या तिघांतही तिला काम नाही आणि दुकानातल्या सर्व कीबोर्डवर ती आहे.

तरी पॉजही ठेवली नाही. शॉर्टकट बदलल्याने संघर्ष मिटतो, कोडमधला दोष तसाच राहतो. क्लिपबोर्डवर चित्र असताना कोणी पॉज दाबली असती तरी पेजमेकर पडलेच असते. म्हणून साधनाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'बदलून पेस्ट' या आज्ञेचा शॉर्टकट पूर्ण रिकामा केला. रूपांतर आता साधनाच्या स्वतःच्या खिडकीत होते: युनिकोड मजकूर वर टाकायचा, बटण दाबायचे, खालचा मजकूर कॉपी करून पेजमेकरमध्ये साध्या कंट्रोल+व्हीने आणायचा. दर परिच्छेदाला चार-पाच सेकंद जास्त लागतात. ४८ पानांच्या पुस्तिकेत हा वेळ एकदा पेजमेकर पडून नव्याने पान लावण्यापेक्षा कमी आहे.

तीन नंबरवरचे 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' काढून टाकले, म्हणजे चारही संगणक सारखे वागतील आणि पुढचा दोष एकाच जागी लपून राहणार नाही.

हा त्रास इतके दिवस सहन का झाला, याचेही कारण पेजमेकरच्या स्वभावात आहे. पान बदलले किंवा मास्टरच्या चिन्हावर क्लिक केले की ते स्वतःहून एक छोटे सेव्ह करते. मास्टरवर जातानाच ते होत असल्याने पडल्यावर नुकसान फक्त नक्षीचे होई, आणि दोन मिनिटांत ती पुन्हा चिकटवून काम पुढे जाई. मोठे नुकसान एकदा जरी झाले असते तरी शोध पहिल्याच आठवड्यात सुरू झाला असता.

साधन बनवणाऱ्यांना कळवताना 'प्रोग्राम बंद पडतो' एवढेच लिहिले नाही. १००० च्या नोंदीचा पूर्ण मजकूर, अपडेटची आवृत्ती आणि ३२-बिट नोटपॅडवरच्या चाचणीच्या चार पायऱ्या पाठवल्या. त्या पायऱ्या करायला पेजमेकर लागत नाही, त्यामुळे समोरच्याला कोणत्याही विंडोज १० च्या संगणकावर एका मिनिटात तो दोष पाहता येतो. साधनाचे पुढचे अपडेट आले की ते आधी दोन नंबरच्या संगणकावर बसते. तिथे शॉर्टकट तेवढ्यापुरता चालू करतात, कोरलमधले फूल कॉपी करून हीच चाचणी करतात आणि मगच बाकीच्या तिघांवर ते जाते.